कामावर पाठवणाऱ्यांवर पहारा : मॉनिटर ॲडव्होकेट व्यवस्थेची ५० वर्षे

१९७१च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या केंद्रीय कामगार खात्यात एक तक्रार दाखल झाली. तक्रारदारांत १६ संस्था होत्या आणि ३९८ शेतमजूर होते. शेतमालकांच्या नावाने तक्रारी त्या खात्यात पूर्वीही येत. ही मात्र खात्याच्याच नावाने होती. मजुरांचे म्हणणे असे की, सरकारी पैशावर चालणारी तुमची ग्रामीण रोजगार कार्यालये आम्हांला कमी मजुरीच्या, घाणेरड्या खोल्यांच्या, कायदा धाब्यावर बसवणाऱ्या शेतांवर धाडतात. तिथे काय चालते ते तुमच्या माणसांना ठाऊक असते. आणि आमच्यातला कोणी शेताबाहेरचे काम मागायला आला, तर त्याचा रंग पाहून, त्याची भाषा ऐकून त्याला पुन्हा शेतातच पाठवतात. ज्यांच्या वतीने हे मांडले गेले ते मजूर मुख्यतः काळे, मेक्सिकन वंशाचे आणि पोर्तो रिकन होते.

या तक्रारीतून खटला उभा राहिला, खटल्यातून न्यायालयाचा आदेश निघाला आणि आदेशातून मॉनिटर ॲडव्होकेट ही व्यवस्था जन्माला आली. १३ ऑगस्ट २०२४ रोजी त्या आदेशाला ५० वर्षे पूर्ण झाली. सरकारी यंत्रणेवर नजर ठेवणारा माणूस त्याच यंत्रणेच्या आत, तिच्याच पगारावर बसवायचा आणि त्याने बाजू मात्र मजुराची घ्यायची, असा हा प्रयोग आहे. असल्या प्रयोगांचे आयुष्य सहसा थोडे असते. हा टिकला कसा आणि टिकताना त्याची झीज किती झाली, हे दोन्ही सांगितल्याशिवाय त्याचा इतिहास पुरा होत नाही.

मूळ शोधायचे तर १९३३पर्यंत मागे जावे लागते. महामंदीत देशातला जवळजवळ दर चौथा कामकरी माणूस रिकामा बसला होता. ६ जूनला राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी वॅग्नर-पेसर कायद्यावर सही केली. सिनेटर रॉबर्ट वॅग्नर आणि प्रतिनिधी थिओडोर पेसर हे दोघेही न्यूयॉर्कचे. केंद्राने पैसा द्यायचा, राज्यांनी आपला वाटा घालून गावोगावी रोजगार कार्यालये चालवायची, अशी योजना होती. आपल्याकडच्या एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचेच हे रूप म्हणता येईल. सेवा फुकट होती. खाजगी दलाल गरजूंना लुबाडत होते त्या काळात या गोष्टीला फार मोल होते. शेतीकामासाठी माणसे मिळवून देण्याची सेवा असावी, हेही त्या कायद्यातच लिहिलेले होते.

पुढे १९३५ साली कामगारांना संघटनेचा हक्क देणारा कायदा आला. त्यावरही वॅग्नर यांचेच नाव आहे. १९३८ साली किमान वेतनाचा आणि कामाच्या तासांचा कायदा आला. दोन्हींतून शेतमजूर वगळले गेले. दक्षिणेतल्या मळेवाल्यांचे राजकीय वजन त्यामागे होते आणि त्या मळ्यांवर राबणारे हात मोठ्या संख्येने काळे होते. म्हणजे शेतमजुराला काम लावून देणारे सरकार होते, पण त्या कामावर त्याचे रक्षण करणारा कायदा नव्हता. पुढची पुष्कळशी दुखणी इथूनच सुरू झाली.

फिरस्त्या शेतमजुरांच्या अमेरिकेत तीन मोठ्या वाटा आहेत. एक फ्लोरिडातून निघून पूर्व किनाऱ्याने वर सरकते. वाटेत उत्तर कॅरोलिनाचा तंबाखू आणि रताळी, न्यूयॉर्कची सफरचंदे, शेवटी मेनमधली ब्लूबेरी. दुसरी टेक्सासच्या रिओ ग्रांदे खोऱ्यातून मिशिगनच्या चेरी-काकड्यांकडे, ओहायोच्या टोमॅटोकडे आणि मिनेसोटा-नॉर्थ डकोटाच्या सीमेवरच्या बीटसाखरेच्या शेतांकडे जाते. तिसरी कॅलिफोर्नियातून ओरेगन आणि वॉशिंग्टनपर्यंत. या वाटांवर माणसे टोळीने फिरत आणि टोळीला मुकादम असे. तिकडे त्याला क्रू लीडर म्हणतात. जुनी बस किंवा ट्रक त्याचा, शेतमालकाशी ओळख त्याची, मजुरी त्याच्या हातातून. प्रवासाचे, जेवणाचे, उधारीचे कापून उरेल ते मजुराचे. ऊसतोडीचा हंगाम पाहिलेल्या मराठी वाचकाला या माणसाची निराळी ओळख करून द्यायला नको.

१९५०च्या दशकात रोजगार सेवेने या टोळ्यांना वर्षाचे वेळापत्रक आखून द्यायला सुरुवात केली. कुठल्या आठवड्यात कुठल्या तालुक्यात कुठले पीक काढायचे, हे मुकादमाला आधीच कळू लागले. दोन कामांमधले रिकामे दिवस त्यामुळे कमी झाले, हे मान्य केले पाहिजे. पण कार्यालयाचे खरे गिऱ्हाईक शेतमालक होऊन बसला. तो त्याच गावात राहणारा, वजनदार, दरवर्षी भेटणारा. मजूर सहा आठवड्यांनी निघून जाणारा, तिथे मत नसलेला, बहुधा इंग्रजी न बोलणारा. कार्यालयातला कारकून दुष्ट असण्याची काही गरज नव्हती. त्याच्या रोजच्या उठण्याबसण्यातूनच तो एका बाजूचा होत गेला.

ब्रासेरो करारांनी हे आणखी वाढवले. १९४२ ते १९६४ या काळात मेक्सिकोतून हंगामी मजूर आणण्याचे सुमारे ४६ लाख करार झाले. स्थानिक मजूर मिळत नाहीत असा दाखला सरकारी यंत्रणेने दिला की मालकाला बाहेरून माणसे आणता येत. स्थानिक मजूर मिळत होते. त्या दराने यायला तयार नव्हते, एवढेच. कॅलिफोर्नियातले कामगार कार्यकर्ते आणि अभ्यासक एर्नेस्टो गलार्झा यांनी १९५६ साली ब्रासेरोंच्या छावण्यांमध्ये फिरून जे लिहिले, ते आजही वाचावे असे आहे. स्वतः लहानपणी मेक्सिकोतून आलेला आणि शेतात राबलेला हा माणूस डॉक्टरेटपर्यंत शिकला आणि पुन्हा शेतमजुरांकडेच वळला.

२५ नोव्हेंबर १९६० रोजी, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, सीबीएस वाहिनीवर एडवर्ड आर. मरो यांचा ‘हार्वेस्ट ऑफ शेम’ हा माहितीपट दाखवला गेला. सणाच्या ताटातले अन्न कोणाच्या हातांनी आले हे देशाने घरबसल्या पाहिले. त्यानंतरच्या दशकात कायद्याची दारे हळूहळू किलकिली झाली : १९६२ साली फिरस्त्या मजुरांसाठी आरोग्य केंद्रे, १९६४ साली मुकादमांची नोंदणी, १९६६च्या दुरुस्तीने मोठ्या शेतांवरच्या मजुरांना किमान वेतन. १९६५च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियातल्या डेलानो इथे लॅरी इटलिओंग यांच्या नेतृत्वाखाली फिलिपिनो मजुरांनी द्राक्षमळ्यांत संप पुकारला. आठवड्याभरात मेक्सिकन मजूरही त्यात उतरले. पाच वर्षांनी, १९७०च्या जुलैत, द्राक्षमालकांनी युनियनशी करार केले.

रोजगार कार्यालयांच्या इतिहासात मात्र १९६९चा एक निकाल या सगळ्यांहून जवळचा आहे. आंतरराज्य भरतीतून फ्लोरिडातल्या एका शेतावर गेलेल्या मजुरांनी तिथली राहण्याची दुर्दशा पाहून मालकाबरोबर राज्याच्या रोजगार सेवेवरही दावा लावला. सरकारी नियमांनुसार, ज्या मालकाला दुसऱ्या राज्यातून माणसे हवी आहेत त्याची घरे ठरलेल्या दर्जाची हवीत आणि मजुरी त्या भागात चालू असलेल्या दराहून कमी नको. गोमेझ विरुद्ध फ्लोरिडा राज्य रोजगार सेवा या खटल्यात पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने सांगितले की हे नियम मजुरांच्या भल्यासाठी केले आहेत, तेव्हा ते मोडल्याबद्दल न्यायालयात जाण्याचा हक्क मजुरांना आहे. दोन वर्षांनी ३९८ जणांनी आपली नावे लिहून दिली, ती या निकालानंतर. शेतमजुराने कागदावर नाव लिहून देणे म्हणजे पुढच्या हंगामातले काम पणाला लावणे. ही व्यवस्था ज्यांच्यामुळे उभी राहिली त्यांत न्यायाधीश आणि वकील आहेतच, पण पहिला मान त्या यादीचा.

कामगार खात्याने चौकशी लावली आणि १९७२ साली आलेल्या तिच्या अहवालाने तक्रारीतल्या बऱ्याच गोष्टी खऱ्या ठरवल्या. खात्याची स्वतःचीच माणसे हे सांगत होती, तरीही मजुरांना समाधानकारक वाटेल असा बदल झाला नाही. ऑक्टोबर १९७२मध्ये राजधानी वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयात खटला दाखल झाला. वादींच्या यादीत पहिले नाव एनएएसीपीच्या पश्चिम विभागाचे होते. काळ्या अमेरिकनांच्या हक्कांसाठी १९०९पासून झगडणारी ही संघटना. निकालाच्या वेळचे कामगारमंत्री पीटर ब्रेनन यांच्या नावाने तो एनएएसीपी विरुद्ध ब्रेनन म्हणून ओळखला जातो.

खटला न्यायाधीश चार्ल्स रिची यांच्यापुढे आला. ओहायोत जन्मलेले रिची राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी १९७१ साली नेमलेले. निक्सनच्याच सरकारविरुद्धचा हा खटला त्यांनी मजुरांच्या बाजूने सोडवला. ३१ मे १९७३च्या निर्णयाचा गाभा असा की राज्यांची कार्यालये भेदभाव करत असतील, मजुरांना कायदा मोडणाऱ्यांच्या दारात पाठवत असतील, तर त्या कार्यालयांना पैसा पुरवणाऱ्या केंद्राला हात झटकता येणार नाहीत. त्यानंतर वर्षभर वाटाघाटी चालल्या आणि १३ ऑगस्ट १९७४ रोजी दोन्ही बाजूंच्या संमतीने आदेश निघाला. निक्सन यांना पायउतार होऊन चारच दिवस झाले होते. साऱ्या देशाचे लक्ष व्हाइट हाऊसकडे असताना एका जिल्हा न्यायालयात शेतमजुरांसाठी हा कागद तयार झाला. अजूनही त्या क्षेत्रातली माणसे त्याला ‘जज रिची कोर्ट ऑर्डर’ म्हणतात.

आदेशाने एक मोजमाप घालून दिले. शेतमजुराला मिळणारी सेवा दर्जाने इतरांच्या बरोबरीची आणि संख्येने त्यांच्या प्रमाणात असली पाहिजे. शेतमजूर आला की त्याला शेतमजुरीच्याच काउंटरवर पाठवायचे, हे बंद. त्यालाही समुपदेशन, चाचणी, प्रशिक्षण, शेताबाहेरची नोकरी, सगळे दाखवायचे. आणि हे होते की नाही हे पाहण्यासाठी प्रत्येक राज्यात एक मॉनिटर ॲडव्होकेट नेमायचा. देखरेख करणे आणि मजुराची बाजू मांडणे, दोन्ही कामे त्याच्याकडे. राज्यांच्या वर प्रादेशिक मॉनिटर ॲडव्होकेट आणि सर्वांच्या वर राष्ट्रीय मॉनिटर ॲडव्होकेट. आदेशाची अंमलबजावणी पाहायला विशेष परीक्षण समितीही बसली. १० जून १९८० रोजी हे सारे केंद्रीय नियमांत उतरले. न्यायालयाच्या देखरेखीखाली वाढलेली व्यवस्था त्या दिवशी स्वतःच्या पायांवर उभी राहिली.

त्या नियमांत काही कलमे अशी आहेत की ती लिहिणाऱ्यांनी शेतमजुराचा दिवस जवळून पाहिला असावा असे वाटते.

पहिले कलम माणसाच्या निवडीचे. राज्याचा मॉनिटर ॲडव्होकेट निवडताना शेतमजूर घरातून आलेला, मजुरांची भाषा बोलणारा किंवा त्यांच्यात काम केलेला माणूस आधी शोधायचा. त्याचा दर्जा आणि पगार तेवढ्याच जबाबदारीच्या इतर पदांच्या तोलाचा हवा. आणि राज्याच्या रोजगार सेवेच्या प्रमुखाकडे त्याला केव्हाही थेट जाता आले पाहिजे. हे शेवटचे वाक्य सगळ्यात महत्त्वाचे. उपसंचालकाच्या टेबलावर अडकलेली टिपणी कुठे जाते, हे सरकारी कचेरीत काम केलेल्या कोणालाही माहीत आहे.

दुसरे, मजूर कार्यालयात येण्याची वाट पाहायची नाही. जिथे शेतमजूर जास्त आहेत तिथे आउटरीच कर्मचारी नेमायचे आणि त्यांनी मजुरांच्या वस्त्यांवर, शेताच्या बांधावर, किराणा दुकानाशी, चर्चच्या आवारात जायचे. पहाटे पाचला शेतात गेलेला आणि अंधार पडल्यावर परतलेला माणूस नऊ ते पाच उघड्या असणाऱ्या कार्यालयात येणार कधी? त्याच्याकडे गाडी नसते, गाडी मुकादमाची. म्हणून आउटरीच कर्मचाऱ्याला संध्याकाळी आणि रविवारी जावे लागते. पूर्वी त्याला स्पॅनिश येऊन भागे. आता हैतीच्या मजुरांची क्रिओल आहे, दक्षिण मेक्सिकोतून आलेल्यांची मिश्तेको आणि त्रिकी आहे, ग्वाटेमालातून आलेल्यांची माम आणि किचे आहे. स्पॅनिश कळत नाही म्हणून हा मजूर गप्प बसतो आणि मुकादम त्याच्या वतीने बोलतो. अशा ठिकाणी त्याची बोली येणारा एक कर्मचारी शंभर पत्रकांचे काम करतो.

आणि जाऊन करायचे काय? मजुराला सांगायचे की कार्यालयात कुठल्या सेवा आहेत, मजुरी किती मिळायला हवी, तक्रार कुठे करायची. वस्तीत पिण्याचे पाणी नाही, शेतात शौचालय नाही, लहान मुले तोडणीला लावली आहेत, असे काही दिसले तर ते डोळ्यांआड करायचे नाही. यासाठी नियमांत एक वेगळी वाट आहे. कोणी तक्रार केली नसली तरी कर्मचाऱ्याला स्वतः काही वावगे दिसले किंवा कानावर आले, तर त्याने ते लेखी नोंदवून पुढे पाठवायचे. मजुराचे नाव त्यात यावे लागत नाही. खोली मालकाची, गाडी मुकादमाची, पुढच्या हंगामाचा शब्दही त्याचाच, अशा माणसाकडून सही केलेली तक्रार मागणे म्हणजे त्याला गप्प बसवणे. या वाटेने अन्याय कागदावर येतो आणि माणूस उघडा पडत नाही.

लेखी तक्रारीची सोय अर्थातच आहे. ती कुठल्याही कार्यालयात देता येते, कर्मचाऱ्याने ती लिहून घ्यायला मदत करायची असते आणि मालकाविरुद्धची शेतमजुराची तक्रार स्थानिक पातळीवर पाच कामाच्या दिवसांत मिटली नाही तर ती राज्याच्या मॉनिटर ॲडव्होकेटकडे जाते. आठवड्यांच्या हिशेबाने जगणाऱ्या माणसाला महिन्यांची मुदत उपयोगाची नाही, हे इथे ओळखले गेले आहे.

तिसरी गोष्ट भरतीची. मालकाला दुसऱ्या भागातून, दुसऱ्या राज्यातून मजूर हवे असतील तर त्याला क्लिअरन्स ऑर्डर भरून द्यावी लागते. पीक कोणते, काम किती दिवसांचे, दर तासावर की नगावर, राहायला काय, न्यायला-आणायला कोण, सगळे त्यात लिहायचे. मजूर येण्याआधी घरांची तपासणी व्हायची. आणि एक कलम मला फार मोलाचे वाटते : ठरलेल्या तारखेला काम सुरू झाले नाही आणि मालकाने तसे वेळेत कळवलेही नाही, तर मजुराला पहिल्या आठवड्याची मजुरी मिळालीच पाहिजे, असे १९८०च्या नियमांनी ठरवले. पाऊस लांबला, फळ पिकले नाही, तर तो धोका याआधी मजुराच्या माथी येत असे. हजार मैल प्रवास करून आलेले कुटुंब गाडीत झोपून, उधारीवर खाऊन कामाची वाट पाही आणि कर्जासह हंगामाला सुरुवात करी.

भरती झाली की कार्यालयाचे काम संपले, असेही नाही. पाठवलेल्या मजुरांच्या शेतांपैकी किमान २५ टक्के ठिकाणी न कळवता जाऊन पाहायचे; दहापेक्षा कमी ठिकाणे असतील तर सगळीच. दिलेला शब्द आणि चालू असलेले काम यांत तफावत दिसली तर मालकाला सुधारायला सांगायचे आणि सुधारला नाही तर त्याला रोजगार सेवा बंद करायची. मालकाला हे टोचते. काढणीच्या ऐन भरात सरकारमार्फत माणसे मिळणे बंद होणे म्हणजे झाडावरचे फळ जमिनीवर.

आकड्यांची बाजूही आहे. शेतमजूर आणि इतर अर्जदार यांना मिळालेल्या सेवांचे प्रमाण दर तिमाहीला शेजारी शेजारी मांडायचे. किती जणांना नोकरीसाठी पाठवले, किती जणांना मार्गदर्शन दिले, किती जणांना किमान वेतनाहून ५० सेंट अधिक मिळाले, किती जणांना शेतीबाहेरचे १५० दिवस किंवा अधिक टिकणारे काम मिळाले. हे आकडे रुक्ष दिसतात, पण १९७१च्या तक्रारीचे सगळे म्हणणे त्यांत उतरले आहे. भेदभाव होतो की नाही हे कोणाच्या मनात शिरून शोधावे लागत नाही. दोन रकाने पाहिले की कळते.

आता झिजेबद्दल. मॉनिटर ॲडव्होकेट ज्या खात्याच्या चुका लिहितो त्याच खात्याचा नोकर असतो. केंद्राकडून त्याच्यासाठी वेगळी तरतूद येत नाही. वॅग्नर-पेसरच्या अनुदानातूनच त्याचा पगार निघतो. अनुदान आवळले की राज्ये या पदावर इतर कामे लादतात. एकच माणूस एका हाताने मालकांच्या भरतीची कागदपत्रे हाताळतो आणि दुसऱ्या हाताने त्याच भरतीवर देखरेख करतो, अशी स्थिती आली की पदाचे नाव उरते, काम उरत नाही. पुढच्या नियमदुरुस्त्यांमध्ये या पदाच्या पूर्णवेळेचा आणि स्वातंत्र्याचा मुद्दा पुन्हा पुन्हा आला, यावरूनच दुखणे किती जुने आहे ते समजते.

१९९८च्या कायद्याने रोजगार कार्यालये वन-स्टॉप केंद्रांत विलीन होऊ लागली. २०१४च्या कायद्याने ती रचना पक्की झाली. एका छताखाली सगळ्या सेवा, ही कल्पना शहरातल्या माणसाला सोयीची. पण संगणकावर स्वतः नोंदणी करा, स्वतः शोधा, अशी रीत आली तेव्हा ज्याच्याकडे संगणक नाही, ज्याची भाषा पडद्यावर नाही, तो मागे पडला. अशा वेळी शेतमजुराकडे चालत जाणारा कर्मचारी जास्त लागतो आणि नेमका तोच खर्च आधी कापला जातो.

सगळ्यात मोठा बदल व्हिसाचा. १९८६च्या कायद्याने परदेशी हंगामी शेतमजुरांसाठी एच-२ए हा वेगळा प्रकार केला. सुरुवातीला तो लहान होता; २००५च्या सुमारास वर्षाला ५० हजारांच्या आत जागा मंजूर होत. २०२२च्या आर्थिक वर्षात तो आकडा ३ लाख ७० हजारांच्या घरात गेला. हे मजूर बहुतांशी मेक्सिकोचे. त्यांचा व्हिसा एका मालकाला बांधलेला. मालकाशी बिनसले तर कामाबरोबर देशातले राहणेही जाते. मुकादमांना आणि मालकांना बांधणारा १९८३चा मजूर संरक्षण कायदा त्यांना लागू नाही. क्लिअरन्स ऑर्डर म्हणजे आता प्रामुख्याने यांच्याच भरतीचा कागद. देशातल्या देशात फिरणाऱ्या टोळ्यांसाठी घडलेल्या व्यवस्थेला आता अशा माणसाची बाजू मांडायची आहे, ज्याची भीती पूर्वीच्या मजुरापेक्षा मोठी आहे.

फ्लोरिडाने या भीतीचे जुने रूप पाहिलेले आहे. ओकीचोबी सरोवराकाठच्या उसाच्या मळ्यांत दुसऱ्या महायुद्धापासून जमैका आणि आसपासच्या बेटांवरून तोडणी कामगार आणले जात, तेही अशाच हंगामी व्हिसावर. दर ओळीवर, हिशेब मालकाच्या वहीत. वाद न्यायालयात गेले आणि १९९०च्या दशकात मळेवाल्यांनी तोडणी यंत्रांकडे वळवली. ऊस तोडणाऱ्यांना त्यांचे पुरते पैसे मिळतात का, हे तपासण्यापेक्षा ते तोडणारेच नकोत, असा निकाल बाजाराने लावला.

मराठी वाचकाला इथे बीड, अहिल्यानगर, परभणी आठवल्याशिवाय राहणार नाही. आपल्याकडे १९७९ साली आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा झाला, म्हणजे तिकडचे नियम घडत होते त्याच सुमारास. ठेकेदाराला परवाना, मजुराला पासबुक, प्रवासभत्ता, निरीक्षक, सगळे त्यात होते. पण तो राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी होता. बीडहून कर्नाटकात गेलेली कोयत्याची जोडी त्या कायद्याच्या कक्षेत येऊ शकत होती. बीडहून सांगली-कोल्हापूरला गेलेली जोडी येत नव्हती. उचल घेतलेल्या जोडीला फडावर काय दर मिळतो, कोपीत पाणी आहे का, मुले शाळेत आहेत का, हे पाहायला फडापर्यंत जाणारा आणि साखर आयुक्तांपर्यंत थेट पोहोचणारा माणूस असावा, ही मागणी आपल्याकडच्या संघटनांनी मॉनिटर ॲडव्होकेटच्या नियमांशेजारी ठेवून मांडण्यासारखी आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार महामंडळ नोंदणी आणि कल्याण पाहते; फडावरच्या देखरेखीची जागा अजून रिकामी आहे.

२०२० साली अमेरिकेत केंद्राने राज्यांना रोजगार सेवेची माणसे कंत्राटाने घेण्याची मोकळीक दिली. शेतमजुरांच्या बाजूने लढणाऱ्यांना त्याची धास्ती वाटणे साहजिक होते. कंत्राटावरचा माणूस आपल्याच खात्याविरुद्ध टिपणी लिहिणार कसा? २४ नोव्हेंबर २०२३च्या नियमाने ही सेवा पुन्हा राज्याच्या कायम, गुणवत्तेवर निवडलेल्या कर्मचाऱ्यांकडे आणली. कोलोरॅडो, मॅसॅच्युसेट्स आणि मिशिगन ही आधीपासून वेगळी पद्धत असलेली तीन राज्ये वगळता इतरांना त्यासाठी २०२६च्या जानेवारीपर्यंत मुदत मिळाली. त्याच नियमाने राज्याच्या मॉनिटर ॲडव्होकेटचा वरिष्ठ दर्जा आणि त्याच्या कामातले हितसंबंधांचे अडथळे याबद्दलची भाषा आणखी कडक केली.

प्रत्येक राज्याचा मॉनिटर ॲडव्होकेट आजही दरवर्षी आपल्या राज्याचा सारांश अहवाल लिहितो : कुठल्या कार्यालयांना भेटी दिल्या, काय चुकीचे आढळले, ते सुधारले का, तक्रारी किती आल्या, आउटरीच पुरेसा होता का, मजुरांच्या संघटना आणि मालक काय म्हणाले. राज्याचा आउटरीच आराखडाही त्याच्या नजरेखालून जातो आणि शेतमजुरांच्या संस्थांना त्यावर आपले म्हणणे देता येते. राज्यांचे हे अहवाल प्रदेशांकडे आणि पुढे राष्ट्रीय मॉनिटर ॲडव्होकेटकडे जातात. १९७१ साली १६ संस्थांना आणि ३९८ मजुरांना जे सांगण्यासाठी नावे पणाला लावावी लागली, ते आता खात्याच्याच एका अधिकाऱ्याला दरवर्षी खात्याला लिहून कळवावे लागते.